खरेदी विभागातली नोकरी : प्रमाणपत्र की परवाना?



मागच्या आठवड्यात एक पालक शाळेत भेटायला आले. त्यांचा मुलगा, आपला माजी विद्यार्थी, बी.कॉम. करून वाळूजच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये लागलाय. ते म्हणाले, "सर, एक क्लासवाले सांगतात की पर्चेस ऑफिसर व्हायचं तर सरकारी लायसन लागतं, आणि ते काढून देतात. भरू का पैसे?"

मी म्हणालो, "थांबा. आधी दोन शब्दांतला फरक समजून घेऊ."

परवाना म्हणजे काय?
जो नसेल तर ते काम करणं बेकायदेशीर ठरतं, तो परवाना. औषधाच्या दुकानात भिंतीवर फार्मासिस्टची नोंदणी लावलेली असते. १९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार नोंदणी नसलेल्या माणसाला डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधं देता येत नाहीत.

प्रमाणपत्र म्हणजे काय?
अमुक अभ्यास केला, परीक्षा दिली, याचा तो दाखला. त्याने नोकरी मिळायला मदत होते, पण तो नाही म्हणून कुणी काम थांबवू शकत नाही.

आपल्या देशात खरेदी अधिकारी व्हायला कायद्याने परवाना लागत नाही. काही देशांत मात्र लागतो. केनियात २००७ साली यासाठी वेगळा कायदा झाला; तिथे या कामासाठी व्यावसायिक संस्थेचं सदस्यत्व आणि परवाना घ्यावा लागतो. कारण सोपं आहे. खरेदी करणारा दुसऱ्याचा पैसा खर्च करतो. सरकारी खरेदीत तर तो जनतेचा पैसा असतो.

मग शिकायचं कशाला?
वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या कारखान्यांचा विचार करा. एक छोटा बोल्ट वेळेवर आला नाही तर अख्खी लाईन थांबते. भीतीपोटी जास्त माल भरून ठेवला तर पैसा गोदामात अडकतो. व्हेंडर कसा निवडायचा, साठा किती ठेवायचा, करार कसा वाचायचा, भेटवस्तूला नाही कसं म्हणायचं, हे सगळं शिकावं लागतं.

त्यासाठी चांगले मार्ग आहेत. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मटेरियल्स मॅनेजमेंट ही या क्षेत्रातली देशपातळीवरची संस्था. आपल्या शहरातही तिची शाखा आहे. तिचे पदविका अभ्यासक्रम नोकरी सांभाळून करता येतात. परदेशी कंपन्यांत ब्रिटनच्या 'सिप्स' संस्थेला मान आहे. तिची सुरुवात १९३२ ची आणि शाही सनद १९९२ ची. तिथे पूर्ण सदस्यत्वासाठी अभ्यासासोबत कामाचा अनुभवही दाखवावा लागतो. म्हणजे नुसता कागद पुरत नाही.

पैसे भरण्यापूर्वी विचारा
१. परीक्षा कोण घेतं? क्लास की संस्था?
२. मान्यता कुणाची, आणि ती आजही चालू आहे का?
३. मुलाच्या कारखान्यातले वरिष्ठ या प्रमाणपत्राला ओळखतात का?
४. "लायसन देतो" म्हणणारे कायद्याचं नाव सांगतात का?

त्या पालकांनी चौथा प्रश्न क्लासवाल्यांना फोनवर विचारला. पलीकडून फोन ठेवला गेला. पैसे वाचले, आणि मुलगा आता योग्य अभ्यासक्रमाची चौकशी करतोय.

वर्गासाठी उपक्रम
शाळेत बाकडी घ्यायची तरी आपण तीन कोटेशन मागवतो. तेच मुलांना करू द्या. वह्यांचा डझन 'अ' दुकानात ५०० रुपये, पण १५ दिवसांनी. 'ब' कडे ५२० रुपये, उद्याच. 'क' कडे ४८० रुपये, पण खराब निघाल्या तर परत घेणार नाही. शाळा सोमवारी सुरू होतेय. कुणाकडून घ्याल, आणि का?

उत्तरापेक्षा 'का' ऐका. ज्याला आपली निवड चार लोकांसमोर पटवून देता येते, त्याची खरेदीच्या कामाची सुरुवात झाली असं समजा.