कोपऱ्यावर लेझर का मंदावतो?

पत्रा कापणाऱ्या लेझर मशीनची जाहिरात वेगावर होते, पण खरी परीक्षा असते ती कोपऱ्यावर. सरळ रेषेत कटिंग हेड सुसाट धावतं. काटकोन आला की एका दिशेचा वेग शून्यावर आणून दुसऱ्या दिशेला नव्याने वेग घ्यावा लागतो. त्या क्षणी किरणाची शक्ती तेवढीच राहिली, तर धातू गरजेपेक्षा जास्त वितळतो आणि टोक जळून गोलसर होतं. म्हणून कंट्रोलर वेगाबरोबर शक्तीही उतरवतो, किंवा सलग किरणाऐवजी तुटक स्पंद सोडतो.

कापलेली कड निरखून पाहावी. स्टेनलेस स्टील कापताना नायट्रोजनचा झोत वितळलेला धातू खाली ढकलून देतो. वेग अति झाला की तो धातू पुरता निघत नाही. खालच्या कडेला थिजलेल्या धातूची खरखरीत बर चिकटून राहते आणि कडेवरच्या बारीक रेषा मागे कलतात. जाणता ऑपरेटर त्या रेषांवरूनच वेग किती उतरवायचा ते ओळखतो. मला हे कसब मशीनच्या किलोवॉटइतकंच मोलाचं वाटतं.

बारीक छिद्रांच्या जाळीत तर कमाल वेग गाठायला जागाच नसते. तिथे वेळ वाचतो तो चांगल्या प्रवेगामुळे.