एकाच वाड्यातली बिऱ्हाडं

‘माझ्या मशीनवर तर चालतंय!’ सॉफ्टवेअरच्या ऑफिसात हे वाक्य ऐकू आलं नाही असं होत नाही. बोलणारा खरंच बोलत असतो. त्याच्या मशीनवर कधीकाळी टाकलेली एखादी लायब्ररी असते, ती दुसऱ्याकडे नसते, एवढंच. म्हणून सगळ्यांचा कोड एका सामायिक मशीनवर बिल्ड करायचा. कोहसुके कावागुची यांनी २००४ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्समध्ये असताना याच कामासाठी ‘हडसन’ लिहायला घेतलं. २०११ मध्ये त्याचं नाव ‘जेनकिन्स’ झालं.

पण हे सामायिक मशीनही हळूहळू अडगळीची खोली होतं. मी ज्या टीममध्ये होतो, तिथल्या बिल्ड सर्व्हरवर काय काय टाकलंय हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं, म्हणून अपडेट करायला सगळेच घाबरायचे. यावर मला पटलेला उपाय कंटेनरचा. काय काय हवं ते डॉकर या साधनाच्या डॉकरफाइलमध्ये लिहून ठेवायचं, तिच्यावरून इमेज, म्हणजे कंटेनरचा साचा बनवायचा, प्रत्येक बिल्डला त्यातून नवा कोरा कंटेनर उघडायचा, काम झालं की टाकून द्यायचा.

लिनक्सवर हे डॉकरमुळे २०१३ पासून सोपं झालं. विंडोजचे स्वतःचे कंटेनर विंडोज सर्व्हर २०१६ बरोबर आले, आणि तिथे गोष्ट जरा वेगळी आहे.

कंटेनर म्हणजे वाड्यातलं बिऱ्हाड. दार स्वतंत्र, चूल स्वतंत्र, पण आड सगळ्यांचा एकच. हा आड म्हणजे यजमान मशीनचा कर्नल, ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. लिनक्सच्या कर्नलशी बोलायची रीत वर्षानुवर्षं तीच राहते, त्यामुळे जुनी इमेज नव्या कर्नलवर सहसा बिनतक्रार चालते. विंडोजमध्ये प्रोग्रॅम कर्नलशी थेट बोलत नाहीत, मध्ये सिस्टिमच्या डीएलएल फाइली असतात. त्या प्रोग्रॅमला दिलेला शब्द पाळतात, पण कर्नलशी बोलायच्या त्यांच्या खुणा आवृत्तीगणिक बदलू शकतात. इमेज या फाइली सोबत घेऊन येते. म्हणून सर्व्हर २०१९ ची, म्हणजे बिल्ड १७७६३ ची इमेज सर्व्हर २०२२ च्या २०३४८ या कर्नलवर थेट चालत नाही. मग हायपर-व्ही आयसोलेशन वापरायचं. त्यात प्रत्येक कंटेनरला छोट्या व्हर्च्युअल मशीनमध्ये स्वतःचा कर्नल, स्वतःचा आड मिळतो. मात्र त्याला मेमरी ठरावीक १ जीबीच मिळते. मोठ्या सी प्लस प्लस प्रकल्पाला ती पुरत नाही, मुद्दाम वाढवून मागावी लागते.

डॉकरफाइल लिहितानाही विंडोजपण आडवं येतं. तिथे ओळीच्या शेवटी बॅकस्लॅश आला की ‘मजकूर पुढच्या ओळीत चालू’ असा अर्थ होतो, आणि विंडोजचे पाथ तर बॅकस्लॅशनेच बनतात! पाथने संपलेली ओळ पुढची सूचना गिळून टाकते. म्हणून अगदी पहिल्याच ओळीत सांगायचं, की हे काम आता बॅकटिककडे.

दुसरी अडचण ३०१० या आकड्याची. व्हिज्युअल स्टुडिओ बिल्ड टूल्सचा इन्स्टॉलर कधीकधी हा आकडा परत करतो. अर्थ असा, की काम झालंय, फक्त मशीन रीस्टार्ट करा. डॉकरला मात्र शून्याखेरीज दुसरा आकडा म्हणजे अपयश, आणि तो तिथेच थांबतो. म्हणून ‘३०१० आला तर तो शून्य धर’ अशी अट त्या ओळीतच लिहायची. मग इमेज पूर्ण होते, आणि टीममध्ये आज आलेल्या मुलीलाही सर्व्हरवर काय काय आहे ते त्या फाइलीत वाचता येतं.