सपाट जागेचे दोन दावेदार

आरव्ही घेऊन बाहेर पडलं, की मुक्कामासाठी पहिली गरज सपाट जमिनीची. चाकं खालीवर राहिली तर रात्रभर अंथरुणावरून घसरायला होतं. कॅलिफोर्नियाच्या उत्तर टोकाला डोंगर थेट समुद्राला भिडलेले आहेत. तिथे सपाटी सापडते ती बहुतेक नदीकाठच्या गाळावर, आणि नेमक्या याच गाळावर रेडवुडची झाडं सगळ्यांत जोमाने वाढतात. तुम्हाला गाडी लावायला हवी असलेली जागा त्यांनी कित्येक शतकांपूर्वीच धरून ठेवलेली असते. रेडवुडजवळचं कॅम्पग्राउंड निवडताना एवढं ध्यानात ठेवलं, की तिथले अडचणीचे वाटणारे बरेचसे नियम आपोआप उलगडत जातात.

गाळ या झाडाला इतका का मानवतो, हे मोठं विलक्षण आहे. पुराने आणलेल्या मातीत बुंधा काही फूट गाडला गेला, तर बहुतेक झाडं मुळांना हवा न मिळाल्याने मरतात. रेडवुड मात्र गाडल्या गेलेल्या खोडातूनच नवी मुळं फोडतो आणि ताज्या थरात नव्याने पाय रोवतो. पूर येत राहतात, जमीन वर चढत राहते, झाड तिच्याबरोबर नवा तळमजला बांधत जातं. अर्थात या सोसण्यालाही मर्यादा आहे. 1955 आणि 1964 च्या महापुरांत हंबोल्ट रेडवुड्स उद्यानातल्या बुल क्रीकच्या काठची शेकडो जुनी झाडं कोसळली, कारण वरच्या उतारांवरचं जंगल तोडून झालेलं होतं.

मुळांची दुसरी गंमत अशी, की ती खोल जातच नाहीत. ‘हायपेरियन’ हे 2006 मध्ये सापडलेलं, जगातलं सर्वांत उंच ज्ञात झाड जवळपास 116 मीटरचं आहे, म्हणजे मुंबईच्या राजाबाई टॉवरच्याही तीस मीटर वर. पण रेडवुडची मुळं साधारण तीन-चार मीटर खोलीवरच थांबतात आणि आडवी मात्र तीस मीटरपर्यंत पसरून शेजाऱ्यांच्या मुळांत गुंततात. वरची माती तुडवली गेली, की या मुळांना पाणी आणि हवा मिळणं कठीण होतं. हायपेरियनभोवतीची जमीन पाहुण्यांच्या पायांनी इतकी दबली, की 2022 मध्ये रेडवुड राष्ट्रीय उद्यानाने तो भागच बंद केला. माणसांच्या पावलांनी एवढं होत असेल, तर काही टनांच्या गाडीने काय होईल?

गाडीच्या लांबीलाही झाडांमुळेच मर्यादा पडते: जेडेडिया स्मिथ उद्यानातल्या कॅम्पग्राउंडमध्ये 25 फुटांपेक्षा लांब आरव्ही आणि 21 फुटांपेक्षा लांब ट्रेलर घेत नाहीत. स्मिथ नदीच्या काठावरचं हे कॅम्पग्राउंड कधीच कुऱ्हाड न लागलेल्या जंगलात वसलेलं आहे. आतला रस्ता बुंध्यांना वळसे घालत जातो, कारण वळण सोपं करण्यासाठी कुणी हजार वर्षांचं झाड तोडणार नाही. गाडी छोटी असेल, तर माझी पहिली पसंती निःसंशय इथेच. उन्हाळ्यात नदीवर तात्पुरता पादचारी पूल टाकतात. त्यावरून पलीकडे गेलं, की 44 एकरांची स्टाउट ग्रोव्ह लागते, पुराच्या गाळावर वाढलेली, आणि आत शिरताच माणूस बोलायचा थांबतो.

प्रत्येक ‘रेडवुड कॅम्पग्राउंड’ अशा जुन्या जंगलात नसतं, हे आरक्षणाआधीच पाहायला हवं. मूळच्या सुमारे वीस लाख एकरांपैकी जेमतेम 5 टक्केच जुनं जंगल उरलं आहे. मिल क्रीकचं कॅम्पग्राउंड तोडीनंतर पुन्हा उगवलेल्या झाडीत आहे. ‘ॲव्हेन्यू ऑफ द जायंट्स’वरच्या बर्लिंग्टनमध्ये तंबूंच्या मधेमधे जुन्या झाडांची प्रचंड खोडकी दिसतात. त्यामुळे या जागा टाळाव्यात असं नाही. खोडक्याभोवती रिंगण धरून उभी असलेली तरुण झाडं जरूर पाहावीत. त्यांतली बरीचशी त्याच तुटलेल्या झाडाचे फुटवे असतात. हे सामर्थ्य फार थोड्या सूचिपर्णी वृक्षांकडे असतं.

या सरकारी उद्यानांत जागेवर वीज-पाण्याची जोडणी सहसा मिळत नाही आणि जनरेटर रात्री आठनंतर बंद ठेवावा लागतो. त्यामुळे उन्हाळ्यातल्या रात्री, आभाळात पावसाचा ढग नसताना, गाडीच्या टपावर टपटप ऐकू येते. समुद्रावरून आलेलं धुकं शेंड्यांवरच्या पानांत अडकतं आणि थेंब होऊन खाली गळतं. जंगलाला वर्षभरात मिळणाऱ्या पाण्यापैकी सुमारे एक तृतीयांश असंच गळून येतं, असं संशोधक टॉड डॉसन यांनी 1998 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं. पावसाविना जाणाऱ्या महिन्यांत झाडं या पाण्यावर तग धरतात.

सगळ्यांत अद्भुत नियम मात्र खाण्याचा आहे: टेबलावर कणभरही सांडलेलं ठेवायचं नाही. मार्बल्ड मरलेट हा समुद्रात मासे पकडणारा छोटा पक्षी अंडं घालायला जुन्या जंगलात येतो. काड्यांचं घरटं तो बांधत नाही. शेवाळाने मऊ झालेली जाड फांदी शोधतो आणि तिच्यावर एकच अंडं घालतो. अमेरिकेच्या या किनाऱ्यावर त्याचं घरटं पहिल्यांदा सापडलं ते 1974 मध्ये, बिग बेसिन उद्यानातल्या एका डग्लस फरवर. आता सांडलेल्या चिप्स आणि ब्रेडच्या तुकड्यांवर कावळ्याच्या कुळातले निळे स्टेलर्स जे जमतात, त्यांची संख्या वाढते आणि ते मरलेटची अंडी-पिल्लं फस्त करतात. आपल्या चिवड्याचे सांडलेले दाणे त्या फांदीवरच्या एकुलत्या अंड्यापर्यंत पोचतात ते असे.

बे एरियातून आई-बाबांना घेऊन येणाऱ्या मराठी मंडळींना माझं सांगणं असं, की जागा सहा महिने आधी खुल्या होतात तेव्हाच धरावी. गाडी 27 फुटांपर्यंत असेल, तर प्रेअरी क्रीक उद्यानातलं एल्क प्रेअरी कॅम्पग्राउंड पाहावं. शेजारच्या कुरणात रूझवेल्ट एल्क चरतात आणि मागे जुनं जंगल सुरू होतं. याहून मोठी गाडी क्लॅमथ किंवा क्रेसेंट सिटीजवळच्या, वीज-पाणी देणाऱ्या खासगी आरव्ही पार्कमध्ये लावावी. हाउलंड हिलच्या अरुंद कच्च्या रस्त्यावर ती अजिबात नेऊ नये. न्यूटन ड्रुरी पार्कवेवरून मात्र तीच गाडी दहा मैल जुन्या जंगलातून आरामात नेता येते.