रंग वेगळा, बाराखडी सगळ्यांची

मुंबई-हावडा मार्गावरची गाडी धरायची, तर अमरावतीकराला आधी दहा किलोमीटरवरचं बडनेरा गाठावं लागतं. याच वाटेनं वऱ्हाडातली कितीतरी माणसं मुंबई-पुण्याकडे गेली. चित्रपट, ध्वनिमुद्रिका, मोठे प्रकाशक सगळं तिकडेच होतं. अमरावतीचे सुरेश भट मात्र स्थिरावले ते नागपुरात, आणि विदर्भात राहूनच त्यांनी मराठी गझल अख्ख्या महाराष्ट्राच्या ओठांवर नेली.

15 एप्रिल 1932 रोजी अमरावतीत डॉक्टरांच्या घरी त्यांचा जन्म झाला. अडीच वर्षांचे असताना पोलिओनं गाठलं आणि उजवा पाय कायमचा अधू झाला. आई शांताबाईंना कवितेची ओढ होती, ती मुलात उतरली. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला दोनदा नापास होऊन 1955 मध्ये ते पदवीधर झाले. पुढे अमरावतीच्या आसपास खेड्यापाड्यांत मास्तरकी केली. पोटापाण्याची ही ओढाताण चालू असतानाच 1961 मध्ये ‘रूपगंधा’ हा पहिला कवितासंग्रह आला. दुसऱ्या संग्रहाला 1974 उजाडावं लागलं. ‘रंग माझा वेगळा’ हे त्याचं नाव. तेरा वर्षांनी येणाऱ्या पुस्तकाला असं नाव द्यायला स्वतःची पक्की ओळख पटलेली असावी लागते.

ती ओळख जन्मानं हातात ठेवलेली नव्हती. ब्राह्मण घरातल्या या कवीनं पुढे बौद्ध धम्म स्वीकारला, बाबासाहेबांना वाहिलेली भीमवंदना लिहिली. ‘एल्गार’ (1983) आणि ‘झंझावात’ (1994) ही नावंच सांगतात की हा माणूस कुणाच्या बाजूनं उभा होता. जब्बार पटेलांच्या ‘सिंहासन’ चित्रपटात हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीवर आशा भोसले यांनी गायलेलं त्यांचं गीत आजही मोर्चात, सभेत म्हटलं जातं. ‘मेंदीच्या पानावर’सारखं हळुवार गीत लिहिणारा हात तोच. मला तरी या दोन सुरेश भटांमध्ये विरोध दिसत नाही. दोन्हीकडे भाषा रोजच्या बोलण्यातली आणि वृत्त मात्र काटेकोर.

त्या काटेकोरपणाबद्दल थोडं सांगायलाच हवं. मराठीत गझल त्यांच्या आधीही होती. माधव जूलियनांची ‘गज्जलांजली’ 1933 ची. भटांनी आग्रह धरला तो गझलेच्या शिस्तीचा आणि दोन ओळींचा प्रत्येक शेर ही स्वतंत्र कविता असण्याचा. समजा, मतल्याच्या, म्हणजे गझलेच्या पहिल्या शेराच्या, दोन ओळी ‘दार होते’ आणि ‘वार होते’ अशा संपल्या. यातलं ‘होते’ म्हणजे रदीफ, तिथे बदल नाही. ‘दार’, ‘वार’ हे काफिये. ‘र’च्या आधीचा ‘आ’ ही अलामत. पुढच्या शेरात ‘दूर होते’ आलं, तर ‘र’ जुळूनही गझल मोडली, कारण ‘आ’चा ‘ऊ’ झाला. कानाला चटकन न कळणारी ही चूक भट खपवून घेत नसत.

एवढी विद्या हाती आल्यावर तिची राखण करत बसणं सोपं होतं. त्यांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली आणि गझल लिहू पाहणाऱ्या नवख्या पोरांना टपालानं पाठवली. त्यांच्या चुका पत्रांतून दुरुस्त केल्या. शिकवण्याची नोकरी सुटली तरी त्यांच्यातला मास्तर शेवटपर्यंत राहिला. एकट्याच्या वेगळ्या रंगाचा अभिमान बाळगणाऱ्या कवीनं आपलं कसब असं वाटून टाकावं, ही मला त्यांच्या आयुष्यातली सर्वात मोठी गोष्ट वाटते. खेड्यातला, ओळखपाळख नसलेला मुलगाही त्या पुस्तिकेच्या आधारानं शुद्ध गझल लिहू लागला. इकडे अमरावती जिल्ह्यातलेच भीमराव पांचाळे गावोगावच्या मैफलींतून मराठी गझल गात राहिले.

14 मार्च 2003 रोजी भट गेले. 2010 मध्ये कौशल इनामदारांनी त्यांच्या कवितेला चाल लावली आणि शेकडो गायकांच्या आवाजात ती मराठी अभिमानगीत झाली. नागपूरच्या रेशीमबागेत त्यांच्या नावाचं भव्य सभागृह आहे. अमरावती-बडनेऱ्याच्या शाळा-कॉलेजांकडे माझं मागणं त्याहून लहान आहे: वर्गात ती बाराखडी आणा, आणि प्रत्येक मुलाला एक तरी मतला स्वतः बांधू द्या.