टायर बदलला, पण गिअरचा हिशोब केला का?

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी यांसारख्या कापडाच्या गावांत आपल्या बांधवांकडे दोन धंदे हमखास आढळतात. एक यंत्रमागाचा व दुसरा वाहतुकीचा. ज्याच्याकडे माग आहेत त्याला माल पोचविण्यासाठी टेम्पो लागतो, आणि ज्याच्याकडे टेम्पो आहे त्याचे पोट आमच्यासारख्या कापडवाल्यांच्या गाठींवर चालते. आम्ही मोटार मेकॅनिक नाही. पण इतकी वर्षे मालाचे भाडे भरताना आणि गाडीवाल्यांचे हिशोब पाहताना एक गोष्ट वारंवार आमच्या नजरेस आली आहे. टायर झिजले की मालक बाजारात जातो आणि जे स्वस्त मिळेल किंवा जे जरा मोठे व दमदार दिसेल, ते टायर बसवून येतो. पुढच्याच महिन्यात तक्रारी सुरू होतात. घाटात गाडी ओढत नाही, क्लच प्लेट लवकर जळते, ॲव्हरेज पडले. दोष कधी डिझेलला दिला जातो, कधी मिस्त्रीला आणि बहुतेक वेळा ड्रायव्हरला. पुष्कळदा खरे कारण वेगळेच असते. टायरचे माप आणि गिअरचे प्रमाण यांचा मेळ बिघडलेला असतो. हा मेळ काय आहे व तो कसा तपासावा, हे या लेखात पाहू.

मागावरून समजून घ्या

ज्यांच्याकडे माग आहेत त्यांना हे लगेच समजेल. विणलेले कापड ओढून घेणारा एमरी रोलर दातांच्या चाकांच्या साखळीवर चालतो. एका इंचात किती पिक बसवायचे ते पिक व्हीलच्या दातांवर ठरते. आता पिक व्हील तेच ठेवले आणि रोलरवर जाड पट्टी गुंडाळली तर काय होईल? रोलरचा घेर वाढेल, दर पिकला कापड जास्त ओढले जाईल आणि इंचामागे पिक कमी पडतील. एकही दात न बदलता कापडाची जात बदलली.

गाडीचेही असेच आहे. इंजिनची ताकद गिअरबॉक्समधून प्रोपेलर शाफ्टकडे जाते, तेथून मागच्या ॲक्सलमधील क्राऊन-पिनियनकडे आणि मग चाकांकडे. समजा क्राऊनला ४१ दात व पिनियनला १० दात आहेत. ४१ भागिले १० म्हणजे ४.१०. याचा अर्थ शाफ्टचे ४.१० फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो. कंपनीने हे प्रमाण ठरविताना इंजिनची ताकद, गाडीवरचा बोजा आणि टायरचा घेर या तिन्ही गोष्टी एकत्र धरलेल्या असतात. टायर हा या साखळीतला शेवटचा गिअरच आहे. त्याला दात नसतात, एवढाच फरक.

टायरवरचे आकडे

टायरच्या बाजूवर २१५/७५ आर १५ असे काही लिहिलेले असते. २१५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, रुंदीच्या शेकडा ७५. आर म्हणजे रेडियल. १५ हा रिमचा व्यास, इंचात. जुन्या धाटणीच्या ७.५०-१६ या मापात पहिला आकडा रुंदीचा व दुसरा रिमचा असतो आणि दोन्ही इंचात असतात. १८५ आर १४ असे लिहून मधला टक्का दिलेला नसेल तर भिंतीची उंची साधारण शेकडा ८२ धरतात.

आता हिशोब करू. २१५ चे शेकडा ७५ म्हणजे १६१.२५. भिंत वर व खाली दोन्हीकडे असते, म्हणून त्याची दुप्पट ३२२.५. रिम १५ इंच, म्हणजे १५ गुणिले २५.४ बरोबर ३८१. एकूण व्यास ७०३.५ मिलिमीटर झाला. याच रिमवर कोणी २३५/७५ आर १५ बसविला, तर याच रीतीने व्यास ७३३.५ मिलिमीटर येतो. डोळ्यांना दिसणारा फरक फक्त ३० मिलिमीटरचा, पण हिशोबात तो शेकडा सव्वाचारच्या आसपास जातो.

आकड्यांवर विश्वास नसेल तर आपल्या कापडबाजाराची रीत वापरा, प्रत्यक्ष मापून घ्या. गाडीत नेहमीचा माल भरा, हवा बरोबर ठेवा, टायरवर आणि जमिनीवर खडूने खूण करा. गाडी सरळ रेषेत चाकाचे पाच फेरे होईपर्यंत ढकला व टेपने अंतर मोजा. बोज्याखाली टायर थोडा दबतो, त्यामुळे हे माप कागदावरच्या घेरापेक्षा किंचित कमी येते आणि तेच खरे माप होय. वरच्या पहिल्या टायरचा एक फेरा साधारण २.१४ मीटर आणि दुसऱ्याचा २.२३ मीटर येईल.

इंजिनवर काय परिणाम होतो

ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला बरोबर १००० मीटर. लहान टायर मिनिटाला ४६७ फेरे घेईल. टॉप गिअर सरळ, म्हणजे एकास एक असेल, तर ४६७ गुणिले ४.१० बरोबर सुमारे १९१५ फेरे इंजिन घेईल. मोठा टायर बसविल्यावर त्याच वेगाला चाकाचे फेरे ४४८ आणि इंजिनचे सुमारे १८३७.

काही जण म्हणतील, इंजिन कमी फिरले तर चांगलेच की! सपाट रस्त्यावर, रिकाम्या गाडीला हे खरेही ठरेल. पण जमिनीवर मिळणारी ओढ घेराच्या उलट प्रमाणात असते. टायर सव्वाचार टक्के मोठा झाला की प्रत्येक गिअरमधली ओढ चार टक्क्यांच्या आसपास घटते. मालेगावहून ग्रे कापडाच्या गाठी घेऊन मुंबईकडे निघालेली गाडी इगतपुरीपर्यंत बरी चालते. परतीला कसारा घाट चढताना मात्र जिथे तिसऱ्या गिअरवर काम भागत होते तिथे दुसरा टाकावा लागतो. चढावर थांबून पुन्हा उचलताना क्लच जास्त वेळ घासतो. ब्रेकचेही तसेच आहे. ड्रमची पकड तीच राहते, टायरचा घेर वाढतो, त्यामुळे थांबविण्याची ताकद तेवढीच कमी होते. भरलेल्या गाडीला उतारावर हा फरक महाग पडू शकतो.

लहान टायर घातल्यास उलटे होते. ओढ वाढते, पण इंजिन जास्त फिरते, आवाज व झीज वाढते आणि लांबच्या सपाट रस्त्यावर डिझेल जास्त लागते. शिवाय लहान टायरची बोजा सहन करण्याची ताकद बहुधा कमी असते.

मीटर खोटे बोलते, ड्रायव्हर नव्हे

आता व्यापाऱ्यांसाठी सर्वात महत्त्वाची गोष्ट. पुष्कळ जुन्या गाड्यांत किलोमीटर मोजणारी केबल गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला असते. ती शाफ्टचे फेरे मोजते, रस्ता मोजत नाही. मोठा टायर घातला की गाडी जास्त चालते व मीटर कमी दाखविते.

आमच्या परिचयाच्या एका गाडीमालकाकडे हेच घडले. गाडी लिटरला १२ किलोमीटर देत होती. मोठे टायर बसविल्यावर महिन्यात गाडी खरोखर ३००० किलोमीटर चालली आणि २५० लिटर डिझेल लागले. मीटरवर मात्र २८७७ किलोमीटरच दिसले. मालकाने १२ ने भागले आणि २४० लिटर धरले. मग १० लिटर गेले कुठे? ड्रायव्हरवर चोरीचा आळ आला व त्याला काढून टाकले. दुसरा ड्रायव्हर ठेवला, त्याचाही हिशोब तसाच निघाला. तेव्हा कुठे एका जाणत्या मिस्त्रीने टायर मापून घोटाळा दाखवून दिला. दहा लिटर डिझेल फार मोठी रक्कम नाही, पण एका गरीब माणसाची इज्जत गेली ती कोणत्या वहीत जमा करायची?

लहान टायरने याच्या उलट होते. मीटर जास्त दाखविते, आणि किलोमीटरवर भाडे घेणारा गाडीवाला नकळत गिऱ्हाइकाकडून जादा पैसे घेतो. माप-तोल पूर्ण ठेवण्याची ताकीद आपल्याला लहानपणापासून मिळालेली आहे. गज व तराजूला जो नियम, तोच किलोमीटरच्या मीटरलाही लागू आहे.

मेळ कसा बसवावा

सूत्र सोपे आहे. जुने प्रमाण गुणिले नव्या टायरचा व्यास, भागिले जुन्या टायरचा व्यास. आपल्या उदाहरणात ४.१० गुणिले ७३३.५ भागिले ७०३.५ बरोबर ४.२७. असे नेमके प्रमाण मिळतेच असे नाही, जवळचे घ्यावे लागते. ४३ व १० दातांची जोडी ४.३० देते. ती बसविल्यावर ताशी ६० ला इंजिन सुमारे १९२७ फेरे घेईल, म्हणजे जवळपास पूर्वीइतकेच. ओढ परत येते आणि शाफ्टवरून चालणारे मीटरही पुन्हा खऱ्याच्या जवळ येते. नव्या गाड्यांत वेग चाकांवरच्या सेन्सरवरून मोजला जातो. तिथे क्राऊन बदलून मीटर सुधारत नाही, ते वेगळे जुळवून घ्यावे लागते.

गाडीत कोणते प्रमाण आहे ते ठाऊक नसेल तर असे तपासा. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद व गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा, पुढच्या चाकांना उटी लावा. मागचे एकच चाक जॅकने उचलून खाली घोडी द्या. हँडब्रेक मागच्या चाकांवर किंवा शाफ्टवर असेल तर तो सोडा. उचललेले चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. जो आकडा येईल तेच प्रमाण. दुसरे चाक जमिनीवर स्थिर असल्यामुळे दोन फेरे घ्यावे लागतात.

केव्हा बदलावे, केव्हा नाही

नवा टायर झिजून ८ मिलिमीटर कमी झाला तर व्यास १६ मिलिमीटरने घटतो. म्हणजे दोन टक्क्यांचा फरक झिजेनेही पडतो व गाडी तो सहन करते. म्हणून दोन-तीन टक्क्यांसाठी क्राऊन-पिनियनला हात लावू नये. चार-पाच टक्क्यांच्या पुढे गेल्यास विचार करावा. पण आधी हे पाहावे की मूळ मापाचा टायर मिळतो का. मिळत असेल तर तोच घेणे स्वस्त व सुरक्षित आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही. अपघात झाल्यावर विम्याच्या वेळी हाच मुद्दा आडवा येऊ शकतो. तेव्हा कंपनीने त्या मॉडेलला मान्य केलेली मापे आधी विचारून घ्यावीत.

बदल करायचाच असेल तर चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, क्राऊन व पिनियन जोडीनेच घ्यावेत. एकाचे दात दुसऱ्यावर घासून जुळविलेले असतात, वेगवेगळे घेतले तर आवाज करतात व लवकर जातात. दुसरी, शिम लावून दातांमधली मोकळीक अचूक ठेवणारा कारागीर पाहावा. त्याची मजुरी जास्त वाटली तरी त्यात काटकसर नको. तिसरी, नव्या जोडीला सुरुवातीचे काहीशे किलोमीटर हलका माल द्यावा व कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचेच तेल भरावे. चौथी, चारचाकी ओढीच्या गाडीत पुढच्या व मागच्या दोन्ही ॲक्सलचे प्रमाण सारखे हवे. एकच बदलला तर ट्रान्सफर केस टिकणार नाही.

आणखी एक. मागच्या जोड टायरांत एक नवा व एक झिजलेला ठेवू नका. मोठा टायर सगळा बोजा उचलतो आणि लहान टायर नुसता घासत जातो. ॲक्सलच्या दोन बाजूंना वेगवेगळ्या घेराचे टायर असतील तर डिफरेन्शियलचे आतले गिअर सरळ रस्त्यावरही सतत फिरत राहतात.

गॅरेजवाल्या बांधवांना आमची सूचना आहे की, गिऱ्हाईक टायर बदलून आले की त्याच्या वहीत जुने व नवे माप आणि क्राऊनचे दात लिहून द्यावेत. गाडीमालकांनी टायर बदलल्याच्या दिवशीच पाच फेऱ्यांचे माप घेऊन मीटरचा फरक काढावा व तो ड्रायव्हरलाही सांगावा. यासाठी एक खडू, एक टेप आणि अर्धा तास पुरतो.