तांदळाची लांबी खत नव्हे, बियाणे ठरवते

महाबळेश्वर म्हटले की स्ट्रॉबेरी आठवते. पण याच तालुक्यातील कोयना आणि सोळशी खोऱ्यांत पावसाळ्यात भाताची खाचरे लागतात. हे भात बाजारात गेले की व्यापारी चिमूटभर तांदूळ तळहातावर घेतो आणि दाण्याची लांबी पाहून भाव सांगतो. बिर्याणीवाल्यांना व हॉटेलवाल्यांना लांब दाणा हवा असतो, म्हणून आखूड दाणा मागे पडतो. शेतकऱ्याला वाटते, खत कमी पडले.

वस्तुस्थिती वेगळी आहे. भाताचा दाणा तुसात भरतो आणि तुसाचा हा साचा फुलोऱ्यापर्यंत तयार झालेला असतो. खतपाण्याने दाणा भरदार होईल, पण साच्याबाहेर वाढणार नाही. साच्याचे माप मुख्यतः बियाण्यातील जनुके ठरवतात. 2006 साली चीनमधील वुहानच्या शास्त्रज्ञांनी 'जीएस-3' या जनुकाचा शोध जाहीर केला. हे जनुक लांबीला लगाम घालते. त्यातील एका अक्षराच्या बदलाने लगाम सुटतो आणि दाणा लांब होतो. रुंदीला लगाम घालणारे 'जीडब्ल्यू-2' हे जनुक 2007 मध्ये सापडले.

व्यापाराच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. 'जीएस-3' तिसऱ्या गुणसूत्रावर असते, तर सुवासाचे मुख्य जनुक आठव्या. म्हणजे दाणा आखूड असला तरी तांदूळ सुवासिक असू शकतो. आपला आंबेमोहर तसाच आहे. वेगवेगळ्या वाणांतील गुण संकराने एकत्रही आणता येतात. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने आंबेमोहर-157 आणि आयआर-8 यांच्या संकरातून इंद्रायणी वाण तयार केला व 1987 मध्ये तो प्रसारित झाला. सुवास आणि चांगला उतारा दोन्ही असल्याने इंद्रायणीला आज शहरांतही मागणी आहे.

मग बासमतीच का लावू नये? निर्यातीच्या बासमतीची सरासरी लांबी किमान 6.61 मि.मी. लागते. शिवाय 2016 च्या भौगोलिक मानांकनानुसार हे नाव उत्तरेकडील ठराविक प्रदेशातील तांदळालाच लावता येते. साताऱ्यात पिकलेला लांब तांदूळ त्या नावाने विकता येणार नाही. उलट आजरा घनसाळ या कोल्हापूर जिल्ह्यातील सुवासिक तांदळाने स्वतःच्या नावावर मानांकन मिळवले आहे.

तेव्हा शेतकऱ्याने लांबीच्या मागे खतावर पैसा घालवू नये. भात बहुतांशी स्वपरागित पीक आहे. त्यामुळे सुधारित वाणाचे शुद्ध बी घेऊन, शेतातील वेगळी रोपे उपटून टाकली तर काही वर्षे घरचे बी चालते. संकरित बियाणे मात्र दरवर्षी नवे घ्यावे लागते. मळणीत आणि पोत्यात वाण मिसळू देऊ नयेत, कारण सरमिसळ मालाला हलक्या दाण्याचाच भाव मिळतो. व्यापाऱ्यांनीही पोत्यावर वाणाचे नाव लिहावे. आखूड दाण्याला गिऱ्हाईक आहे, फक्त तो लांब दाण्याच्या रांगेत उभा करू नये.