स्थानिक शासनांतील स्पर्धा व सार्वजनिक खर्च

एकाच प्रदेशातील नगरपालिका किंवा शालेय जिल्हे रहिवासी, उद्योग व भांडवल आपल्याकडे आकृष्ट करण्यासाठी कर आणि सेवा यांबाबत जी चढाओढ करतात, तिचा सार्वजनिक खर्चावर होणारा परिणाम हा स्थानिक वित्तव्यवहाराच्या अभ्यासातील एक वादग्रस्त विषय होय. त्याची पायाभूत मांडणी अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स टीबू यांनी १९५६ मध्ये केली. कर व सेवा यांचा मेळ जेथे आपल्या आवडीनुसार बसतो तेथे कुटुंबे राहावयास जातात आणि त्यायोगे सार्वजनिक सेवांची खरी मागणी प्रकट होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. मात्र त्यासाठी स्थलांतर निर्वेध, माहिती संपूर्ण व नोकरीचे बंधन नसलेले गृहीत धरले होते. प्रत्यक्षात घर बदलणे इतके सुलभ नसते. गरिबाला तर नसतेच.

ब्रेनन व ब्यूकॅनन यांनी १९८० मध्ये अशा स्पर्धेचे स्वागत केले. करदाता निघून जाईल या धास्तीने शासनाच्या उधळपट्टीस आळा बसतो, असे त्यांचे मत. उलट, उद्योग गमावण्याच्या भीतीने कर व त्याबरोबर सेवाही अपुऱ्या ठेवल्या जातात, असे वॉलेस ओट्स यांनी १९७२ मध्येच दाखविले होते. कीन व मार्शां यांनी १९९७ मध्ये लक्ष एकूण खर्चावरून त्याच्या वाटणीकडे वळविले : फिरत्या भांडवलास उपयुक्त अशा रस्ते आदी सोयींवर प्रमाणाबाहेर, तर जागा न सोडू शकणाऱ्या रहिवाशांच्या सेवांवर कमी खर्च होण्याकडे कल असतो. एकूण खर्चाच्या आकड्यावरून हा दोष दिसत नाही.

या स्पर्धेत सर्वांचे बळ सारखे नसते. कॅलिफोर्नियातील सेरानो खटल्यात (१९७१) पुढे आलेले आकडे बोलके आहेत. १९६८-६९ मध्ये बॉल्डविन पार्क या जिल्ह्यातील रहिवासी दर १०० डॉलर करमूल्यावर ५.४८ डॉलर शालेय कर भरीत, तरी दर विद्यार्थ्यामागे खर्च सु. ५७७ डॉलर होता. बेव्हर्ली हिल्समध्ये २.३८ डॉलर दराने सु. १,२३२ डॉलर खर्च होई. मालमत्ता मूल्यवान असल्यास अल्प करही भरघोस ठरतो. ही पद्धती समान संरक्षणाच्या तत्त्वाशी विसंगत असल्याचे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले.

भारतात ही स्पर्धा मर्यादित आहे. स्थानिक संस्था मुख्यत्वे अनुदानांवर विसंबून असतात. वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर १ जुलै २०१७ पासून मुंबई महानगरपालिकेची जकातही संपुष्टात आली व तिची जागा राज्य शासनाच्या नुकसानभरपाईने घेतली. मालमत्ता कर मात्र स्थानिक संस्थांच्या हाती राहिला.